बर्फात रोवलेली फुली

मित्रांनो, मी एक जुनी स्की आहे. डाव्या पायाची. लांबी दोन मीटर अठरा सेंटिमीटर, रंग एके काळी लाल, आणि अंगात चार भोकं. भोकांचं नंतर सांगते. आधी एवढं सांगून ठेवते की मी रागावलेली आहे. जुन्या वस्तूने आपली कहाणी मऊ, ओल्या आवाजात सांगायची असते हे मला ठाऊक आहे. मला ते जमणार नाही. पन्नास वर्षं मी भिंतीवर लटकून लोकांचं ऐकून घेतलं, आता थोडं माझं ऐका.

ऑस्ट्रियाच्या डोंगरांत, टिरोलमधल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाच्या पातळ पट्ट्या एकीवर एक चिकटवल्या, दाबयंत्राखाली दोन दिवस घुसमटवल्या, कडांना पोलादी पट्टी ठोकली, की झाली स्की. त्या आठवड्यात आमच्या तीस जोड्या झाल्या. सगळ्यांचं लाकूड एक, सरस एक, माप एक. पण तिसातली एखादीच जोडी खरी पळते. का पळते ते लाकडालाही ठाऊक नसतं आणि कारागिरालाही.

आमचा कारागीर कोर्बिनियान. डोक्याला टक्कल, अंगाला मेणाचा वास, आणि वासरांशी बोलावं तसं आमच्याशी बोलायची सवय. नोव्हेंबरात तो आम्हाला हिमनदीवर घेऊन गेला. तिथे परीक्षा असते. सरळ उतारावरून सोडायचं, वळायचं नाही, काठ्यांनी रेटायचं नाही, जिथे आपोआप थांबेल तिथे झेंडी रोवायची. माझी नि माझ्या उजव्या बहिणीची झेंडी सगळ्यांच्या पुढे अकरा मीटर लागली. आणि आमच्यावर उभी होती बुर्गल.

बुर्गल क्रानेबिटर. हिंटरकार गावाच्या अगदी वरच्या टोकाला तिच्या बापाचं घर, सात गाई, आणि अर्धं वर्ष बर्फ. वय वीस. केस स्वतःच कात्रीने कापलेले, पिंढऱ्या ओंडक्यासारख्या, आणि तोंडात घास असतानाही खो खो हसायची. त्या दिवशी तिने आम्हाला उचलून छातीशी धरलं.

"कोर्बिनियान, ही जोडी मी उशाशी घेऊन झोपणार."

"झोप की. पण आधी बूट झाड. मागच्या खेपेला माझ्या बाकावर शेण आणलं होतंस, अख्ख्या खोलीला गोठ्याचा वास."

"तो विजयाचा वास आहे, टकल्या!"

तीन हिवाळे आम्ही एकत्र धावलो. अकरा शर्यती जिंकल्या. सगळ्या मोसमाचा मोठा करंडक दोनदा तिच्या बापाच्या दुधाच्या कपाटावर आला. शर्यत संपली की श्वास जागेवर यायच्या आत स्की काढून गालाशी उभी धरायची आणि कॅमेऱ्याकडे बघायचं, अशी रीत आहे. म्हणजे कारखान्याचं नाव दिसतं. तिच्या तापलेल्या गालाला माझा बर्फ लागायचा आणि वितळून हनुवटीवरून टपकायचा. गावात बँड वाजायचा, आगीचा बंब फुलांनी सजायचा. आणि दर फोटोत तिच्या खांद्यावर एक हात असायचा. तो हात एगिड प्लाट्नरचा. हा आमच्याच गावचा, मुलींच्या संघाचा डायरेक्टर, शिवाय चौकातल्या खाणावळीचा मालक. शर्यतीत तो कधी धावलेला नव्हता, फोटोत मात्र पुढे असायचा.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगते, ती नीट लक्षात ठेवा. माणूस घाबरला की आधी त्याच्या पायांना कळतं. घाबरलेला माणूस मागे रेलतो. टाच दाबतो, बोटं बुटात आखडून घेतो, आणि स्कीचं टोक हवेत फडफडायला लागतं. हे प्रेक्षकांना दिसत नाही. ते फक्त स्कीला कळतं. तीन हिवाळ्यांत बुर्गलची टाच मला एकदाही दाबून बसलेली आठवत नाही.

आणखी एक गोष्ट. आमच्या डोंगरात पोराला वळायला शिकवायच्या आधी एक खूण शिकवतात. दोन स्की बर्फात तिरक्या रोवून फुली केलेली दिसली, की थांबायचं. त्याचा अर्थ खाली कोणीतरी पडलंय. पडलेल्याला उचलून नेईपर्यंत त्या फुलीच्या पुढे कोणी जायचं नाही, मग तो पाटील असो, पाद्री असो की परदेशातला पाहुणा. आणि पडलेल्याला उचलल्याशिवाय ती फुली कोणी उपटायची नाही. या बाबतीत आमच्या गावात कधी दुमत झालेलं नाही.

चौथ्या हिवाळ्यात, फेब्रुवारी महिन्यात, सगळ्यात मोठी शर्यत आमच्या गावातच ठरली. उतार तोच, ज्यावरून बुर्गल लहानपणी शाळेत जायची. त्या उतारावर मध्येच एक उंचवटा आहे. गावकरी त्याला 'सासू' म्हणतात, कारण तिथे भल्याभल्यांची बोलती बंद होते. सासूवरून उडी पडली की लगेच डावीकडे वळण, आणि वळणाच्या उजव्या अंगाला पाइनची झाडं. गुरुवारी पुरुषांची शर्यत झाली, तेव्हा त्या झाडांपुढे पेंढ्याचे चाळीस भारे रचले होते. घसरलेला माणूस पेंढ्यात घुसतो, शिव्या देत उठतो आणि घरी जातो.

शुक्रवारी मुलींचा सराव. आणि भारे गायब!

कुठे गेले होते? अहो, खाली पाहुण्यांच्या मांडवात. मोठमोठ्या लोकांना बाकांवर गार लागू नये म्हणून ते भारे उचलून नेऊन वर घोंगड्या घातल्या होत्या. हे सांगताना आजही माझ्या कडा तापतात.

बुर्गलच्या आधी ट्राउडल निघाली. ट्राउडल संघातली सगळ्यात धाकटी, अठरा वर्षांची, सरावाच्या आधी दोन्ही खिशांत साखरेचे खडे भरून ठेवणारी. आम्ही सासूवर पोचलो तेव्हा ती झाडाच्या बुंध्याशी पडलेली होती. पाय चुकीच्या बाजूला वळला होता. ती ओरडत नव्हती, तेच वाईट होतं. बुर्गल थांबली, आम्हाला काढलं, धापा टाकत उतार चढून परत वर आली आणि सासूच्या वरच्या अंगाला आमची फुली रोवली. मग खाली जाऊन ट्राउडलचं डोकं मांडीवर घेऊन बसली. घसरगाडी यायला वीस मिनिटं लागली. तोवर एकही मुलगी फुलीच्या पुढे गेली नाही.

दुपारी मेणाच्या खोलीत कोर्बिनियान मेण चढवायला माझ्या तळव्यावर इस्त्री फिरवत होता. बुर्गल आत आली. प्लाट्नर तिथेच कॉफी पीत बसला होता.

"डायरेक्टरसाहेब, भारे परत आणा."

"आता कुठले आणू? लोक बसतात त्यांवर. उद्या मंत्री येणार आहेत."

"मंत्र्यांना उभं करा."

"बुर्गल, तू जिंकायचं बघ. आणि तुम्ही मुली त्या वळणावर तशा हळूच येता गं. तुम्हाला कशाला हवा पेंढा?"

"ट्राउडल हळू आली होती का? तिच्या मांडीचं हाड विचारा."

"ट्राउडलला स्की येत नाही. विषय संपला." त्याने कप खाली ठेवला आणि कोर्बिनियानकडे बघून डोळा मारला. "कोर्बिनियान, हिच्या स्कीला मेण लाव, तोंडाला नको."

कोर्बिनियान हसला नाही, हे खरं. पण बोललाही नाही. त्याची इस्त्री माझ्यावर एकाच जागी थांबली आणि मला चटका बसला. एक वाक्य त्याने बोलायला हवं होतं. भला माणूस होता, तरी बोलला नाही, आणि म्हणून मी त्याच्यावरही रागावलेली आहे.

शनिवारी शर्यतीत बुर्गलची पाळी नववी होती. निघायच्या आधी तिने नेहमीसारखं काठीने मला तीनदा ठोकलं आणि झेप घेतली. मित्रांनो, त्या दिवशी आम्ही जशा धावलो तशा कधीच धावलो नव्हतो. तिचं वजन पुढे, बोटं सैल, गुडघे लोण्यासारखे नरम. उताराच्या मध्यावर घड्याळवाल्याने आरोळी ठोकली, ती आम्ही जाता जाता ऐकली. सगळ्यांपेक्षा सव्वा सेकंद पुढे! आमच्या धंद्यात सव्वा सेकंद म्हणजे करंडक हातात घेतल्यासारखाच.

सासू आली. आणि बुर्गल ताठ उभी राहिली. आम्हाला आडवं केलं, कडा बर्फात रुतवल्या, उंचवट्याच्या अलीकडे पाच हातांवर थांबली. तिने आम्हाला काढलं आणि शर्यतीच्या वाटेच्या मधोमध, सगळ्या जगाच्या देखत, आमची फुली रोवली. मग काठ्या टेकून शेजारी उभी राहिली.

मी तिच्या पायाखाली होते. टाच दाबलेली नव्हती. हे मी शपथेवर सांगते.

पंचांनी वरची सुरुवात थांबवली. फुलीपुढे कोणाला सोडणार? प्लाट्नर बाजूच्या वाटेने धापा टाकत वर आला. चेहरा बीटासारखा लाल.

"काढ ते! काढ आधी! कोण पडलंय इथे?"

"अजून कोणी नाही. पडायच्या आधी रोवलीय."

"अगं मूर्ख पोरी, तू जिंकत होतीस!"

"ठाऊक आहे मला. भारे आणा, मग फुली काढते."

आणि त्या माणसाने, आमच्याच डोंगरात जन्मलेल्या माणसाने, फुलीला हात घातला. मला उपटून काढलं. उजवीलाही ओढायला गेला, तेव्हा बुर्गलने तिच्यावर दोन्ही हात आवळले. बराच वेळ ओढाताण झाली. शेवटी मी त्याच्या काखेत आणि उजवी बुर्गलच्या खांद्यावर, अशा आम्ही दोघी बहिणी दोन वाटांनी खाली गेलो. त्यानंतर पन्नास वर्षं आमची भेट नाही.

पुढचं ऐका. वर उभ्या असलेल्या मुलींनी सांगितलं की भारे आल्याशिवाय आम्हीही निघत नाही. अर्ध्या तासात भारे आले. मंत्री उभे राहिले. शर्यत पुन्हा सुरू झाली, आणि त्यात दोन मुली सासूवरून घसरून सरळ पेंढ्यात घुसल्या. दोघी केसांत काड्या घेऊन उठल्या. दोघींचे पाय जागेवर होते. ते कोणी मोजलं नाही. फलकावर बुर्गलच्या नावापुढे लिहिलं होतं, 'पोचली नाही.' प्लाट्नरने वर्तमानपत्रांना सांगितलं की ऐन वेळी पोरीने कच खाल्ली, आदल्या दिवशीचा अपघात पाहून तिचं काळीज फाटलं. संघाने तिच्यावर दोन वर्षं बंदी घातली. ती पुन्हा कधी धावली नाही. वर बापाच्या घरी गेली, गाईंचं दूध काढायला लागली. वय तेवीस.

आणि मी? मी प्लाट्नरच्या खाणावळीत आले. त्याने सुताराला बोलावून माझ्या अंगात चार गोल भोकं पाडून घेतली आणि प्रत्येकात एक छोटा पेला बसवला. पेल्यांत नासपतीची दारू, श्नाप्स, भरायची. चार जणांनी ओळीत उभं राहून मला आडवं तोंडाशी धरायचं, आणि एकदम उलटं करायचं. एक जरी अडखळला तरी बाकीच्यांच्या गळ्यात सांडते. हा खेळ आमच्याकडे कुठल्याही खाणावळीत चालतो, त्याला कुठलीही मोडकी स्की पुरते. पण यांना मीच हवी होते. ज्या लाकडाने अकरा शर्यती जिंकल्या, त्याच्यावर दारूचे ओघळ!

त्याहून वाईट म्हणजे ती आरोळी. चौघांपैकी कोणी पेला तोंडाशी नेऊन थबकला की सगळी खाणावळ ओरडायची, "काय रे, बुर्गल झालास का?" आधी खाणावळीत, मग शाळेत, मग उतारावर. झाडावरून उडी मारायला कचरणाऱ्या पोराला, थंड पाण्यात उतरायला नको म्हणणाऱ्या पोरीला, सगळ्यांना तेच. तिचं नाव घेऊन लोक भित्र्याला हिणवायला लागले. माझ्या शेजारी भिंतीवर वर्तमानपत्राचं ते कात्रण काच लावून टांगलं होतं. मी सगळं खरं जाणत होते आणि मला तोंड नव्हतं.

म्हातारा प्लाट्नर मेला. त्याचा मुलगा फेर्डल गल्ल्यावर बसला. तो बापासारखा दुष्ट नाही, पण ती आरोळी ऐकतच मोठा झालेला. गावातल्या पोरांना शर्यतीसाठी तोच शिकवतो. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी तो गिऱ्हाइकांना काहीतरी सांगत होता, आणि नेहमीसारखा मोठ्याने नव्हे.

"काल बर्फ जरा कडक झाला होता सासूच्या वळणावर. ट्राउडलची नात, व्रोनी, ती म्हणाली, 'काका, इथे काहीतरी लावा, मग जाते.' मी आपलं हसत म्हटलं, 'बुर्गल झालीस का?' लगेच गेली बघा."

"मग?" पोस्टमनने विचारलं.

"मग काय. नडगी मोडली. आणि खांद्याचं हाड." त्याने गल्ला पुसायला घेतला. "चौदा वर्षांची आहे. जुळेल."

 पोस्टमन म्हणाला, "चला, एकेक घेऊ." मला भिंतीवरून उतरवलं, पेले भरले. पोस्टमन, फेर्डल आणि दोन शेतकरी ओळीत उभे राहिले. मी त्यांच्या ओठांपाशी होते, तेवढ्यात दार उघडलं.

बुर्गल. पन्नास वर्षांनी! केस पांढरे आणि अजूनही स्वतःच कापलेले. बुटांना शेण. खांद्यावर लाल रंगाची, एकही भोक नसलेली, माझी उजवी बहीण.

"खाली ठेवा तिला," बुर्गल म्हणाली.

"बुर्गलमावशी! ये ये, बस. काय घेतेस..."

तिने मला त्यांच्या हातांतून ओढून घेतलं. पेले खळाखळा फुटले, दारू फेर्डलच्या पोटावर सांडली. ती वळली, उंबऱ्याबाहेर गेली, दारासमोर साचलेल्या बर्फात तिने आम्हा दोघींना तिरकं खुपसलं आणि फुली केली. उजवीचं गार अंग माझ्या अंगाला लागलं. भर दुपारी, खाणावळीच्या दारात, आम्ही पुन्हा उभ्या राहिलो.

फेर्डल उंबऱ्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. त्याच्या मागे बाकीचे. सगळे डोंगरातले. एकाचाही पाय पुढे पडेना.

"मावशी, हे काय मांडलंयस? लोकांनी आत-बाहेर कसं करायचं?"

"करायचं नाही. फुली दिसत नाही का?"

"अगं पण इथे पडलंय कोण?"

"ट्राउडल पडली. काल तिची नात पडली." तिचा आवाज चढला. "आणि मधली पन्नास वर्षं मी पडलेय फेर्डल, तुझ्या दारात! येता-जाता सगळ्यांनी तुडवलं. उचलायला कोणी आलं का?"

फेर्डलचे कान लाल झाले. त्याने मागे वळून भिंतीवरच्या कात्रणाकडे पाहिलं. "बाबा म्हणायचे तू घाबरलीस."

"घाबरले होते. आदल्या दिवशी, ट्राउडलचं डोकं मांडीवर असताना. शर्यतीत नाही. शर्यतीत मी सव्वा सेकंद पुढे होते. विचार त्या घड्याळवाल्याला, जिवंत असेल तर."

"माझा बाप होता घड्याळवाला," पोस्टमन मागून हळूच म्हणाला. "ते सांगायचे. सव्वा सेकंद. खरं आहे ते."

"मग तू इतकी वर्षं इथे बसून कशाला ओरडत होतास?" बुर्गलने विचारलं.

फेर्डलने ओला एप्रन सोडला. "काय करू सांग, मावशी."

"तुझ्या अंगणात पाहुण्यांना बसायला पेंढ्याचे भारे मांडलेत ना? घोंगड्या घालून? ते वळणावर ने. सगळे. मग मी फुली काढीन. तू हात लावायचा नाहीस."

आणि मित्रांनो, ते चार बाप्ये फुली ओलांडून आले नाहीत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून एकेक करून बाहेर उतरले. पोस्टमन खिडकीत अडकला, त्याला ढकलावं लागलं. पाहुण्यांच्या बुडांखालून भारे काढून ट्रॅक्टरवर चढवले. दिवस मावळायच्या आत वळणापुढे भिंत उभी राहिली. तेव्हा बुर्गलने आम्हाला बर्फातून काढलं, एकत्र बांधलं आणि खांद्यावर टाकून घरी नेलं.

आता आम्ही दोघी तिच्या गोठ्यात असतो. कोणी म्हणालं, भोकं बुजवून पुन्हा लाल रंग दे. ती नाही म्हणाली. मलाही ती भोकं असू द्यायची आहेत, कारण मी कोणाला माफ केलेलं नाही. उगाच गोड बोलायला मला येत नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. जुन्या वस्तूला जपा किंवा जपू नका, मी लाकूड आहे, सोसेन. पण पुढचा धोका पाहून जो थांबतो आणि दुसऱ्यांना थांबवतो, त्याच्या नावाने हसू नका. तो घाबरला असं म्हणायच्या आधी, त्याच्या थांबण्याने किती जण आपल्या पायांवर उभे राहिले ते एकदा मोजा.

या हिवाळ्यापर्यंत व्रोनीचा पाय जुळला. सरावाच्या पहिल्या सकाळी ती बुर्गलकडून आम्हाला मागून घेऊन वर आली. वळणावर भारे अजून लागायचे होते. फेर्डलला घाई होती, पोरं थंडीने पाय आपटत होती. व्रोनी म्हणाली, "काका, आधी भारे."

पन्नास वर्षांची सवय, फेर्डलच्या तोंडून निघूनच गेलं. "काय गं, बुर्गल झा..." आणि त्याने जीभ चावली.

"हो," व्रोनी म्हणाली. "झाले."

आणि तिने आम्हा दोघींना बर्फात रोवलं.